प्रोसेसर बदलला आणि पीसी सुरूच होईना: बी४५० बोर्डवर रायझन ५६०० बसवल्यावर काय तपासायचं

पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळीच. एएमडीचा रायझन १२०० किंवा २६०० प्रोसेसर काढून त्याच जुन्या बी४५० मदरबोर्डवर रायझन ५ ५६०० बसवणाऱ्यांवर ही वेळ अनेकदा येते. लगेच नवा प्रोसेसर खराब निघाला म्हणून परत पाठवायला धावू नका. प्रोसेसरमध्येच दोष असणं दुर्मिळ. बी४५० बोर्ड २०१८ मध्ये आले आणि ५६०० आला एप्रिल २०२२ मध्ये. मधल्या काळात बायोस (पीसी सुरू करणारं बोर्डमधलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं नसेल, तर बोर्डला हा प्रोसेसर ओळखूच येत नाही.

आधी दोन सोप्या गोष्टी बघून घ्या. प्रोसेसरला वीज देणारी ८ पिनची केबल बोर्डच्या वरच्या कोपऱ्यात लागते. कूलर काढता-बसवताना ती सैल होते किंवा लावायचीच राहते. ती नसेल तरी पंखे फिरतात, म्हणून तिच्यावर संशय जात नाही. दुसरी गोष्ट मॉनिटरच्या केबलची. आधी २२००जी किंवा ३४००जी असा ग्राफिक्स असलेला प्रोसेसर असेल, तर केबल मदरबोर्डच्या एचडीएमआयला असणार. ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, त्यामुळे त्या पोर्टमधून चित्र येणारच नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड हवं आणि केबल त्या कार्डालाच लावायला हवी. कार्ड घ्यायचं नसेल, तर ५६०० ऐवजी ५६००जी घ्या.

इथवर सगळं ठीक असेल, तर जुना प्रोसेसर परत बसवा. काम कंटाळवाणं आहे, पण इतकं सरळ उत्तर दुसऱ्या कुठल्याच चाचणीतून मिळत नाही. जुन्यावर पीसी चालू झाला, तर बोर्ड, रॅम, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) सगळं शाबूत आहे आणि बायोसकडेच बघायचं. जुन्यावरही स्क्रीन काळी राहिली, तर अदलाबदलीत काहीतरी हललं किंवा वाकलं आहे. म्हणूनच नवा प्रोसेसर नीट चालेपर्यंत जुना विकू नये.

बायोससाठी बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलचं पान उघडा. मॉडेलचं नाव आणि रिव्हिजन क्रमांक बोर्डवरच छापलेले असतात. दोन्ही तंतोतंत जुळले पाहिजेत. प्रोसेसर सपोर्टच्या यादीत ५६०० समोर किमान कोणतं व्हर्जन लागतं ते दिलेलं असतं. त्या पानावरची टीपही वाचा, काही बोर्डांवर आधी एक मधलं व्हर्जन टाकावं लागतं. फाइल एफएटी३२ फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर घ्या आणि जुना प्रोसेसर असतानाच बायोसमधल्या अपडेटच्या सोयीने टाका. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्डच बंद पडू शकतो, म्हणून यूपीएस किंवा इन्व्हर्टरवरच करा.

जुना प्रोसेसर हाताशी नसेल, तर मागच्या बाजूला फ्लॅश बायोस किंवा क्यू-फ्लॅश प्लसचं बटण आहे का बघा. ते असेल तर प्रोसेसरशिवायही अपडेट होतं. २४ पिन आणि ८ पिन केबल लावायची, फाइलचं नाव मॅन्युअलमध्ये दिलंय तसंच ठेवायचं, ठरलेल्या यूएसबी पोर्टातच पेनड्राइव्ह घालायचा आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावायचा नाही. बटणही नसेल, तर मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तपकीर गल्लीसारख्या बाजारात रिपेअरवाल्याकडे बोर्ड न्या. जुना रायझन लावून तो अपडेट करून देऊ शकतो.

आता वाकलेल्या पिनांबद्दल. एएम४ सॉकेटच्या (बी४५० बोर्डवर बसणाऱ्या) प्रोसेसरच्या पोटाखाली १३३१ पिना असतात. थर्मल पेस्ट वाळून घट्ट झालेली असते. कूलर सरळ वर ओढला की लिव्हर बंद असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. म्हणून काढण्याआधी पीसी दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग बंद करून वायर काढा आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा. प्रोसेसर उलटा करून डोळ्यांच्या पातळीवर तिरका धरा आणि पिनांच्या ओळींमधून आरपार बघा. सरळ ओळीत एखादी पिन झुकलेली असेल, तर लगेच डोळ्यात भरते. लेड काढलेल्या मेकॅनिकल पेन्सिलचं टोक त्या पिनवर घालून अगदी थोडं-थोडं उभं करा. एकदम जोर लावला तर पिन तुटेल. बसवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवा. प्रोसेसर स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे, वरून दाबायचा नाही.

बायोस नवं आहे, पिनाही सरळ आहेत, तरी चित्र नाही? वायर काढून बोर्डवरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा. रॅमची एकच पट्टी प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये क्लिक आवाज येईपर्यंत दाबून बसवा. मग चालू करून काही मिनिटं थांबा. पहिल्यांदा रॅमशी जुळवून घ्यायला बोर्ड वेळ घेतो, एखादवेळी आपोआप रीस्टार्टही होतो. बोर्डवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार छोटे दिवे असतील, तर पेटून राहिलेला दिवा कुठे अडलंय ते दाखवतो.

चित्र आलं आणि ‘नवा सीपीयू बसवला आहे, एफटीपीएम बदललं आहे’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर दिसला, तर ते बिघाडाचं लक्षण नाही. एफटीपीएम म्हणजे सुरक्षेच्या डिजिटल किल्ल्या सांभाळणारी प्रोसेसरमधली सोय. वाय दाबलं की जुन्या किल्ल्या पुसल्या जातात. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय वाय दाबू नका. एन दाबलं तर जुन्या किल्ल्या तशाच राहतात, पण नव्या प्रोसेसरवर एफटीपीएम बंद राहतं.

बायोस दिसतं पण विंडोज उघडत नाही, असं झालं तर सेल काढल्यामुळे सीएसएमची (जुन्या पद्धतीने बूट करू देणारी) सेटिंग मूळ पदावर गेली असेल. एमबीआर या जुन्या पद्धतीच्या डिस्कवरचं जुनं विंडोज सीएसएम चालू केल्याशिवाय उठत नाही. रॅमचा एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) मात्र दुसरी पट्टी लावून विंडोज एकदा नीट चालल्यावरच चालू करा.