दुसऱ्या मुलाचे नाव ठेवताना या चुका टाळा

दुसरा मुलगा झाला की घरातील सगळे थोरल्याच्या नावाशी जुळणारे नाव शोधू लागतात, आणि पुढच्या बहुतेक अडचणी या जुळवाजुळवीतूनच निर्माण होतात. सातारा-सांगली भागात राज, जित, सिंह, वर्धन असे शेवट असलेली नावे विशेष आवडीची आहेत. त्यामुळे थोरला राजवर्धन असेल तर धाकट्यासाठी राजवीर हे नाव आपोआप पुढे येते. दोन्ही नावे भारदस्त आहेत, पण रोजच्या हाकेत नावाचा शेवट गळतो आणि दोघेही 'राजा' होऊन बसतात. विराज आणि शिवराज किंवा ओम आणि सोहम या जोड्यांची अडचण वेगळी आहे: लांबून मारलेल्या हाकेत व्यंजने विरतात, स्वर तेवढे पोहोचतात, आणि बोलावलेला सोडून दुसराच पुढे येतो. म्हणून नाव पक्के करण्यापूर्वी आजीला दोन्ही नावांनी परसातून हाक मारायला सांगावे. ती नावाचे काय रूप करते, ते तेव्हाच कळते. आद्याक्षरही शक्यतो वेगळे ठेवावे, कारण आडनाव आणि वडिलांचे नाव एकच असणाऱ्या दोन भावांचे आद्याक्षरही एक झाले की शाळेच्या यादीत आणि बँकेच्या पासबुकावर घोटाळा ठरलेला असतो.

कुलदैवतावरून नाव ठेवण्यात गैर काहीच नाही. मात्र पालीचा खंडोबा, खरसुंडीचा सिद्धनाथ आणि शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव ही दैवते एकट्या आपल्या घराची नाहीत, तेव्हा भावकीत आधीच दोन शंभूराज असतील तर तिसरा करण्यापूर्वी चुलत घरी विचारून घ्यावे. पहिल्या वेळी आजोबांचा शब्द चालला असेल, तर या वेळी मुलाच्या मामाचे किंवा आईचे मत ऐकणे न्यायाचे ठरेल.

मुलगी हवी होती, मुलगा झाला, अशी हुरहुर काही घरांत असते. ती हुरहुर थट्टेतल्या नावातूनही मुलाला चिकटू देऊ नये. नाव माणसाला किती बोचू शकते, हे सातारा जिल्ह्याला वेगळे सांगायला नको: 2011 मध्ये 'नकोशी' असे नाव वाट्याला आलेल्या 285 मुलींना याच जिल्ह्यात नवी नावे देण्यात आली.

नक्षत्राच्या अक्षराचा हट्टही थोडा सैल करावा. आर्द्रा नक्षत्राच्या चार चरणांची अक्षरे कु, घ, ङ आणि छ अशी आहेत. तिसऱ्या चरणावर जन्मलेल्या मुलाचे नाव ङ वरून कसे ठेवायचे, याचे सोयीचे उत्तर कोणाकडेच नसते. जन्मनाव आणि व्यवहारनाव वेगळे ठेवण्याची आपली जुनी रीत अशा वेळी उपयोगी पडते. आत्याने पाळण्यापाशी बाळाच्या कानात सांगितलेले नाव आणि दाखल्यावरचे नाव एकच असले पाहिजे, असा नियम नाही.

खरी कसोटी कागदपत्रांची असते. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते आणि दुसरे सासरी. जन्माची नोंद मात्र जिथे जन्म झाला तिथेच होते. मिरजेत जन्मलेल्या थोरल्याचा दाखला महानगरपालिकेचा असतो आणि कोरेगावात जन्मलेल्या धाकट्याचा तिथल्या कार्यालयाचा, त्यामुळे एकावर वडिलांचे नाव 'बाळासाहेब' आणि दुसऱ्यावर 'बाळू' असे लागण्याची शक्यता वाढते. दवाखान्यात नोंदीचा कागद भरताना थोरल्याचा दाखला समोर ठेवावा आणि इंग्रजी अक्षरेही त्यावरूनच उतरवावीत. प्रतापसिंह, रणजितसिंह अशी नावे जोडूनच लिहिली गेली आहेत ना, हे पाहावे, अन्यथा 'सिंह' सुटा पडून मधल्या नावाच्या जागी जाऊन बसतो. याशिवाय 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम राज्य शासनाने ठरवला आहे. थोरल्याचा जन्म त्याआधीचा असेल, तर दोघा भावांच्या पूर्ण नावांची मांडणी वेगळी दिसेल. ती चूक समजून दुरुस्तीसाठी खेटे घालू नयेत.

बारशापर्यंत नावावर एकमत झाले नाही म्हणून जन्माची नोंद लांबवणे ही मोठी चूक ठरते. जन्माची माहिती 21 दिवसांत द्यायची असते, पण नाव न लिहिताही नोंद होते. अशी नोंद झाल्यापासून 12 महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येते, आणि त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. घाईत 'छोटू' किंवा 'सोन्या' लिहून देण्यापेक्षा रकाना रिकामा ठेवलेला केव्हाही बरा. लेखनातील साधी चूक निबंधक पुरावे पाहून दुरुस्त करू शकतात. पण एकदा लागलेले नाव पुढे मोठेपणी पूर्णच बदलायचे म्हटले, तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून नंतर एकेक कागद बदलत बसावे लागते.