पूडलची वीण: मेटिंगच्या आधीपासून पिल्लं नव्या घरी जाईपर्यंत

घरात पूडलची मादी असली की कोणीतरी म्हणतंच, "एकदा तरी पिल्लं होऊ द्या, तिच्या तब्येतीला बरं असतं." हा समज चुकीचा आहे. एकही वीण न झालेली मादी पूर्ण आयुष्य मजेत जगते. पिल्लं घ्यायची तर ही मादी आणि हा नर दोघंही निरोगी आहेत, स्वभावाने शांत आहेत आणि होणाऱ्या प्रत्येक पिल्लाला चांगलं घर मिळणार आहे, एवढी खात्री हवी. सगळ्यात छोट्या आकाराच्या टॉय पूडलला बहुधा एक ते चार पिल्लं होतात, मधल्या आकाराच्या मिनिएचरला तीन ते पाच आणि मोठ्या स्टँडर्डला सहा-आठ सहज. तितकी घरं मेटिंगच्या आधी शोधून ठेवा.

पायरी १: आधी तपासण्या, मग जोडीदार

भारतात कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ पासून केंद्राचे नियम आहेत. विकण्यासाठी पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. मादी १८ महिन्यांपेक्षा लहान किंवा आठ वर्षांपेक्षा मोठी नको, वर्षात एकच वीण, आयुष्यात पाचपेक्षा जास्त नाहीत, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. माझ्या मते पाचही फार झाल्या. घरच्या मादीला दोन पुरेत.

पूडलमध्ये काही आजार आईबापांकडून पिल्लांत येतात. पीआरए नावाच्या आजारात डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होऊन कुत्रं आंधळं होतं. त्याचा एक प्रकार, पीआरसीडी, डीएनए चाचणीत कळतो. नर-मादी दोघंही त्याचे वाहक (दोष अंगात असून स्वतः आजारी नसलेले) निघाले तर सरासरी चारात एक पिल्लू पुढे आंधळं होण्याची शक्यता असते, आणि आईबाप मात्र वरून ठणठणीत दिसतात. म्हणून "आमचा नर एकदम फिट आहे" या शब्दावर जाऊ नका, रिपोर्ट मागा. टॉय आणि मिनिएचरमध्ये गुडघ्याची वाटी सरकते का, हे व्हेटकडून बघून घ्या. स्टँडर्डमध्ये खुब्याचा एक्स-रे आणि त्वचेची तपासणी करा. ब्रुसेला ही संसर्गाची चाचणी मेटिंगआधी दोघांचीही हवी. या आजाराने गर्भ पडतात आणि तो माणसालाही होऊ शकतो.

"टीकप पूडल" म्हणून जे विकलं जातं, तो कुठल्याही केनेल क्लबने मानलेला आकार नाही. फार छोट्या मादीला प्रसूतीत जिवावर बेतू शकतं. तिची वीण घेऊच नका.

पायरी २: दिवस मोजणं

मादी साधारण सहा-सहा महिन्यांनी हीटवर, म्हणजे माजावर, येते. बहुतेक माद्या नवव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास नराला उभ्या राहतात, पण प्रत्येकीचं गणित वेगळं असतं. रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) तपासलं की अंदाजावर राहावं लागत नाही, आणि प्रसूतीची तारीखही नेमकी काढता येते. बीज सुटल्यापासून सुमारे ६३ दिवस धरा. मेटिंगच्या दिवसापासून मोजलं तर ५८ ते ६८ यांत कधीही.

चार आठवड्यांनी सोनोग्राफीत गर्भ दिसतात. ५५ दिवसांनंतर एक्स-रे काढा, कारण पिल्लं नक्की किती हे त्यातच कळतं. प्रसूतीच्या रात्री "अजून आहे का आत?" या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे तयार असायला हवं.

शेवटच्या तीन आठवड्यांत मादीला चांगलं पपी फूड सुरू करा, थोडं-थोडं पण जास्त वेळा. कॅल्शियमचं सिरप मात्र गाभणपणात स्वतःहून देऊ नका. आपल्याकडे कौतुकाने सर्रास देतात. बाहेरून कॅल्शियम मिळत राहिलं की शरीर हाडांतलं कॅल्शियम काढायची सवय सोडतं, आणि पान्हा फुटल्यावर, अचानक गरज वाढल्यावर, रक्तातली पातळी कोसळते. छोट्या जातींत हा धोका मोठा.

पायरी ३: व्यायची जागा आणि ती रात्र

मादी आडवी होऊन पाय ताणू शकेल एवढी पेटी करा. आतल्या बाजूने, जमिनीपासून काही इंच वर, चारही भिंतींना पट्टी ठोका. आई भिंतीला टेकून बसली तरी पट्टीखाली पिल्लाला जागा उरते, चेंगरत नाही. तारखेच्या आठवडाभर आधी तिला तिथे झोपायची सवय लावा. पोटावरचे, आचळांभोवतीचे आणि शेपटीखालचे केस बारीक कापा. पूडलच्या लांब केसांत पिल्लाचा पाय अडकतो, आणि आचळही सापडत नाही.

शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. एरवी १०१ च्या वर असणारा पारा ९९ फॅरनहाइटच्या खाली आला की साधारण २४ तासांत ती व्यायला सुरुवात करते. ती खड्डे खणल्यासारखं करेल, धापा टाकेल, खाणार नाही. हे सगळं ठीक आहे. त्या वेळी घरात गर्दी नको. तिच्या ओळखीचं एकच माणूस जवळ बसावं.

प्रत्येक पिल्लू पिशवीत येतं. आई पिशवी फाडून चाटते आणि नाळ तोडते. तिने केलं नाही तर तुम्ही लगेच पिशवी फाडा, तोंड-नाक पुसा, टॉवेलने पाठ चोळा. नाळ पोटापासून इंचभर सोडून दोऱ्याने बांधा, पुढे कापा, बीटाडीन लावा. पिल्लाला उलटं धरून झटकायची जुनी पद्धत विसरा, मेंदूला इजा होते. वार किती पडल्या, हे कागदावर मांडत जा.

व्हेटला फोन कधी लावायचा, हे आधीच भिंतीवर लिहून चिकटवा. अर्धा तास जोराच्या कळा देऊनही पिल्लू येत नाही. आत पिल्लं असताना दोन तास काहीच नाही. पहिल्या पिल्लाआधीच हिरवट-काळा स्राव. यातलं काहीही झालं की सकाळची वाट बघायची नाही.

पायरी ४: पहिले चौदा दिवस, ऊब आणि काटा

नवजात पिल्लाला कुडकुडता येत नाही. अंगात स्वतःची ऊब तयार करण्याची ताकद अजून आलेली नसते, म्हणून पहिल्या आठवड्यात पेटीत ८५ ते ९० फॅरनहाइट ऊब हवी. पण पेटीचा एक कोपरा थोडा गार ठेवा, म्हणजे उकडलं तर पिल्लं तिकडे सरपटतील. एकावर एक ढीग करून किंकाळत असतील तर थंडी वाजतेय. लांब-लांब पसरून धापत असतील तर उकाडा झालाय. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नका, ते पचत नाही. आधी हळूहळू शेकून ऊब आणा, मग आचळाला लावा. आईचा पहिला चीक पहिल्या १२ तासांत पोटात गेलाच पाहिजे. त्यातून मिळणारं संरक्षण पिल्लाचं आतडं साधारण दिवसभरच शोषून घेतं.

आता काटा. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा, त्यावर फडकं घातलेला वाडगा, शेजारी वही. प्रत्येक पिल्लाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची मऊ फीत सैल बांधा, रोज तपासा आणि दोन-तीन दिवसांनी बदला, कारण मान भराभर जाड होते. रोज एकाच वेळी वजन घ्या. पहिल्या दिवशी थोडी घट चालते. त्यानंतर रोज साधारण पाच ते दहा टक्के वाढ, आणि सात ते दहा दिवसांत जन्मवजनाच्या दुप्पट. १५० ग्रॅमचं टॉय पिल्लू दुसऱ्या दिवशी १४६, तिसऱ्या दिवशी १५५, चौथ्या दिवशी १६६ असं चाललं असेल तर निर्धास्त झोपा. सलग दोन दिवस आकडा हलला नाही तर मात्र ते दिसायला कितीही गुटगुटीत असो, व्हेटला दाखवा. माझा या वहीवर डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास आहे. मागे पडणारं पिल्लू रडत नाही, गप्प पडून राहतं, आणि गप्प पिल्लू शहाणं वाटतं.

पोट भरलेली पिल्लं नव्वद टक्के वेळ झोपलेली असतात, आणि झोपेत सतत हलतात. पंजा ताठ होतो, ओठ चोखल्यासारखे हलतात, पाठीवरून थरथर जाते. नवखा माणूस घाबरतो, पण हे निरोगीपणाचं लक्षण आहे. मेंदू आणि स्नायू जोडले जात असतात. अजिबात न हलता मलूल झोपलेलं पिल्लू उचलून बघा.

मादीचे आचळ रोज हाताने चाचपा. एखादा गरम, लाल, दगडासारखा लागला तर तो सुजतोय. ती थरथरायला लागली, चाल ताठ झाली, अस्वस्थ होऊन धापायला लागली, तर कॅल्शियम कोसळल्याची शंका घ्या, पिल्लं बाजूला करा आणि त्याच क्षणी दवाखाना गाठा. हे सहसा पहिल्या चार आठवड्यांत होतं.

पायरी ५: डोळे उघडल्यावर

दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात. ओढून उघडू नका. त्यानंतर काही दिवसांत कान उघडतात, आणि तिसऱ्या आठवड्यात पिल्लं धडपडत उभी राहतात. नखं दर आठवड्याला टोकावर कापा, आईला ओरबाडे निघतात. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, व्हेटने वजनावर ठरवलेलं. पिल्लू आईच्या पोटात असतानाच गोल जंत तिच्याकडून येतात, त्यामुळे "घर स्वच्छ आहे" ही सबब चालत नाही. चौथ्या आठवड्याच्या सुमारास भिजवलेल्या पपी फूडची पेज ताटलीत द्या. टॉय पिल्लू या दिवसांत मध्येच लुळं पडलं, डुगडुगलं, तर साखर उतरलेली असते. हिरड्यांना मध चोळा आणि व्हेटकडे न्या.

तिसरा ते बारावा आठवडा हा पिल्लाच्या स्वभावाचा काळ. कुकरची शिट्टी, मिक्सर, दारावरची बेल, लहान मुलं, दाढीवाले काका, छत्री, ओलं गवत, हे सगळं थोडं-थोडं आणि आनंदात भेटू द्या. ढोल-ताशाचा आवाज मोबाइलवर हळू लावून खायला घाला. पूडल तल्लख असतो, भीतीही तितक्याच लवकर शिकतो.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात तोंड, पंजे आणि शेपटीचं मूळ पहिल्यांदा केस कापायच्या मशीनने साफ करा. एक दिवस नुसतं मशीन चालू करून गालाला टेकवा. दुसऱ्या दिवशी एक गाल. केस आयुष्यभर वाढत राहणार आहेत, म्हणून ही पहिली ओळख गोड हवी. आणि इथेच पूडलची गंमत दिसते. काळी जन्मलेली पिल्लं असतात, आणि मशीन फिरवल्यावर एखाद्याच्या थोबाडावर, बोटांच्या फटीत, राखाडी चमक निघते. ते पिल्लू पुढे सिल्व्हर होणार असतं. तपकिरी आणि ॲप्रिकॉट रंगही वयाबरोबर फिके पडू शकतात, तेव्हा पिल्लू देताना रंगाचं वचन देऊ नका.

पायरी ६: निरोप

सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिली लस, आणि आठ आठवडे पूर्ण झाल्यावरच नवं घर. सोबत लसीकरणाचं पुस्तक, जंताच्या औषधाच्या तारखा, आईबापांचे रिपोर्ट, वजनवहीचं त्याचं पान, चार दिवसांचं नेहमीचं खाणं आणि आईच्या वासाचं एक फडकं द्या. पिल्लू ठेवणं जमलं नाही तर कोणत्याही वयात परत घेऊ, हे लेखी द्या.

मादीचं दूध आपोआप आटू द्या, आचळ पिळू नका. पुढच्या काही आठवड्यांत तिचे केस विरळ झाले तर घाबरू नका, खाणं चांगलं असलं की परत येतात. आणि पुढच्या हीटला तिला नरापासून लांब ठेवा.