जुनी केस आणि सैन्य भरती: फॉर्मवर ‘नाही’ लिहिण्याआधी या चुका टाळा

सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत यावेत म्हणून पोरं सहा-सहा महिने पहाटे चारला उठतात, आणि फॉर्म मात्र कुणाकडून तरी दहा मिनिटांत भरून घेतात. सैन्यातून निवृत्त झाल्यापासून मी गावाकडच्या पोरांची तयारी करून घेतो. धावण्यात कमी पडलेला पोरगा पुढच्या भरतीला परत उभा राहतो. केस लपवून पकडला गेलेल्याला ती संधी सहसा मिळत नाही.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे ‘दंड भरला, विषय मिटला.’

माझ्याकडे एक पोरगा होता. दहा पुलअप्स सहज काढायचा. एकोणिसाव्या वर्षी एसटी स्टँडवर दोन गटांत मारामारी झाली, पोलिसांनी सगळ्यांना उचललं आणि तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम 160 लावलं. दुसऱ्या दिवशी कोर्टाबाहेर कुणीतरी सल्ला दिला, “गुन्हा कबूल म्हणा, शंभर रुपये भरा, घरी जा.” पोरांनी तेच केलं. ना वकील, ना तारखा. त्याच्या डोक्यात ती गोष्ट ट्रॅफिकच्या पावतीएवढीच राहिली. पण गुन्हा कबूल करून कोर्टात दंड भरणं ही दोषसिद्धीच असते, म्हणजे कोर्टाने दोषी ठरवल्याची नोंद, मग रक्कम कितीही असो.

भरती झाली, मेडिकल झालं, पोरगा ट्रेनिंगला गेला. फॉर्मवर अटक झाली होती का, खटला चालला होता का, दंड झाला होता का, असे रकाने असतात. त्या प्रत्येकासमोर त्याने ‘नाही’ लिहिलं होतं. पडताळणीचे कागद पोलीस ठाण्यात आले, तिथे नाव निघालं. ट्रेनिंग अर्ध्यावर असताना त्याला घरी पाठवलं. वडील माझ्याकडे आले, रेशन कार्डाच्या घडीतून कोर्टाची पावती काढली आणि म्हणाले, “मेजर, शंभर रुपयेच तर होते.” मला काही बोलायला सुचलं नाही. ती पावती आधी माझ्या हातात आली असती तर तो रकाना मी शेजारी बसून ‘होय’ असा भरून घेतला असता.

‘होय’ लिहिलं की नोकरी पक्की, असं मी कुणाला सांगत नाही. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये स्पष्ट सांगितलं की उमेदवाराने खरं सांगितलं तरी त्याचा पूर्वेतिहास तपासायचा अधिकार नेमणूक करणाऱ्याला आहे. कोवळ्या वयातला किरकोळ गुन्हा लपवला असेल तर अधिकारी त्याकडे दुर्लक्ष करू शकतो, असंही त्याच निकालात आहे. पण ‘करू शकतो’ म्हणजे करेलच असं नव्हे. आमच्या पोराच्या बाबतीत तसं झालं नाही. वर लष्कर कायदा 1950 चं कलम 44 आहेच: भरतीच्या वेळी जाणूनबुजून खोटं उत्तर दिल्याचं उघड झालं तर कोर्ट मार्शलमध्ये पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘कुणाला कळतंय’ म्हणणाऱ्या मित्राला हे कलम वाचून दाखवा.

दुसरी चूक शहाण्या पोरांकडून होते. ‘मी तर निर्दोष सुटलो, मग कशाला लिहू?’ प्रश्न नीट वाचा. ‘गुन्हा दाखल झाला होता का’ असं विचारलं असेल तर सुटलेल्यानेही ‘होय’च लिहायचं आणि पुढे निकाल लिहायचा. आपसात मिटवलेली केस, पोलिसांनी ‘क’ समरी (तक्रार धड खरी नाही, धड खोटीही नाही असा अहवाल) पाठवून बंद केलेली केस, यांनाही हेच लागू. निकालात ‘संशयाचा फायदा’ असे शब्द आहेत की पुरावाच नव्हता असं म्हटलंय, हेही बघून ठेवा. अधिकारी तेवढंच आधी वाचतो.

सरपंचाचा चारित्र्याचा दाखला पोलीस पडताळणीची जागा घेत नाही. ‘रेकॉर्ड साफ करून देतो’ म्हणणारा एजंट तुमचे पैसे साफ करतो. अठराच्या आतली केस असेल तर बाल न्याय कायदा 2015 चं कलम 24 तुमच्या बाजूने आहे (त्या वयातल्या गुन्ह्यामुळे सहसा पुढे अपात्र ठरवता येत नाही), पण उत्तर काय लिहायचं ते वकिलाला कागद दाखवूनच ठरवा. आणि प्रतिज्ञापत्रावर न वाचता सही करू नका. अग्निपथविरोधी आंदोलनानंतर 2022 मध्ये तर जाळपोळीत नव्हतो असं लेखी देण्याची अट सैन्याने जाहीर केली होती. पोरं अशा कागदांवरही डोळे झाकून सही करतात.

माझी पद्धत साधी आहे. नवीन पोरगा आला की पहिल्याच दिवशी त्याला घरच्यांसमोर बसवून विचारतो, कधी ठाण्यात गेला होतास का? मग कोर्टांच्या ‘ई-कोर्ट्स’ वेबसाइटवर त्याच्या नावाने जिल्ह्यातल्या केसेस शोधतो, कारण पोरांना कधीकधी स्वतःलाच माहीत नसतं की चार्जशीटमध्ये आपलं नाव आहे. काही निघालं तर एफआयआर, चार्जशीट आणि निकालाची कोर्टाच्या शिक्क्याची नक्कल एका फाइलीत लावायची. गुन्हा नंबर, कलम, तारीख, निकाल एका कागदावर लिहून ठेवायचे आणि प्रत्येक फॉर्मवर तेच, त्याच शब्दांत उतरवायचं. एका फॉर्मवर कलम 323 (साधी मारहाण) आणि दुसऱ्यावर 324 (घातक हत्याराने मारहाण) पडलं तरी संशय येतो.

नकलेचा अर्ज आजच टाका. जुन्या केसची फाइल रेकॉर्ड रूममधून वर यायला आठवडे जातात, आणि भरतीची जाहिरात आल्यावर तेवढा वेळ हातात नसतो.