गाडीच्या कोटेशनमधले नको असलेले खर्च कसे काढून घ्यावेत

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी परभणीहून दाजींचा फोन आला. हार-पेढे आणून झालेले, सकाळी सहा जण गाडी आणायला निघणार, आणि शोरूमवाल्यानं हिशेबात ४८,००० रुपये वाढवून ठेवलेले. ॲक्सेसरीज १८,०००, वाढीव वॉरंटी १४,०००, टेफ्लॉन म्हणजे रंगावरचं कोटिंग ९,५०० आणि हँडलिंग ६,५००. "सणाच्या तोंडावर कुठं हुज्जत घालता," म्हणत दाजींनी भरून टाकले. वर ते कर्जात बसवले. साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांत त्याचे साठ हजारांवर होतात, हे त्यांना नंतर कळलं.

मुहूर्ताच्या दिवशी माणूस भांडत नाही, हे शोरूमला पक्कं ठाऊक असतं. म्हणून हुज्जत घालायची ती टोकन देण्याआधी.

कोटेशन फोडून घ्या

व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीमागं लिहिलेला 'ऑन-रोड' आकडा घेऊन घरी येऊ नका. एकेक रक्कम वेगळी दाखवणारं छापील कोटेशन मागा, किंवा व्हॉट्सॲपवर मागवा. मग पेन घेऊन बसा आणि सक्तीचं तेवढं आधी बाजूला काढा: एक्स-शोरूम किंमत, रोड टॅक्स, नोंदणी, फास्टॅग आणि तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा. टॅक्स स्वतः ताडून बघा. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, डिझेलला १३ टक्के लागतो. म्हणजे आठ लाखांच्या पेट्रोल गाडीला ८८,०००. दहा लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं आधीच गोळा केलेला प्राप्तिकर, दिसेल. त्यावर वाद नको, तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

खाली उरलं ते तुमच्या मर्जीचं. त्यातलं सगळंच टाकाऊ असतं असं नाही. आपल्या काळ्या मातीच्या चिखलात मडफ्लॅप आणि रबरी मॅट लागतातच, फक्त बाहेरच्या दुकानात भाव विचारून या. सीट कव्हर घेताना सीटमध्ये साइड एअरबॅग आहे का बघा. साधं कव्हर तिची वाट अडवू शकतं. नव्या गाडीला झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई देणारं विम्याचं जोड-कलम, मी तरी घेईन. हँडलिंग मात्र सरळ खोडा. या नावाचं सरकारी शुल्कच नाही.

विमा आणि कर्ज वेगळं तपासा

"विमा आमच्याकडूनच घ्यावा लागतो" हे खरं नाही. तेच मॉडेल, तीच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि तीच ॲड-ऑन (जोड-कलमं) धरून दुसऱ्या दोन ठिकाणचे भाव काढा. तो कागद पुढं ठेवला की शोरूमचाही आकडा बहुतेक वेळा खाली येतो.

कर्जाच्या सह्या करण्याआधी बँकेकडून 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे व्याज आणि सगळे खर्च एकत्र दाखवणारा कागद, मागा. ऑक्टोबर २०२४ पासून ते देणं बंधनकारक आहे. कर्जासोबत चिकटवलेला विमा असेल तर त्यात दिसतो. नको असेल तर तिथंच सांगा.

नकार लेखी द्या

तोंडी "बघू साहेब, ॲडजस्ट करू" याला अर्थ नाही. सेल्समनला असा मेसेज टाका:

"कोटेशनमधली ॲक्सेसरीज किट, टेफ्लॉन, वाढीव वॉरंटी आणि हँडलिंग चार्ज आम्हाला नको. हे वगळून सुधारित कोटेशन पाठवा. गाडीवर कोणतंही कोटिंग किंवा फिटिंग आम्हाला विचारल्याशिवाय करू नये."

शेवटचं वाक्य गाळू नका. मारलेलं कोटिंग परत निघत नाही, आणि "काम तर झालंय" म्हणून बिल पुढं येतं. सुधारित आकडा बुकिंग फॉर्मवर चढला, त्यावर शिक्का-सही झाली, की मगच टोकन द्या. रिकाम्या रकान्यांवर आडवी रेघ मारा.

"किट घेतली तरच गाडी लवकर मिळेल" असं कुणी म्हणालं तर ते लिहून मागा. एक वस्तू हवी तर दुसरी घ्यायलाच लावणं, ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार प्रतिबंधात्मक व्यापार पद्धत आहे. लिहून कुणी देत नाही. बहुतेकदा किटच गळते.

पैसे भरून बसला असाल तर

न बसवलेल्या वस्तूंचे पैसे डिलिव्हरीआधीच लेखी परत मागा. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही तक्रार घेतात. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. शोरूम संभाजीनगरात आणि तुम्ही बीडचे असलात तरी तक्रार बीडला करता येते. वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला २०० रुपये फी. कोटेशन, बुकिंग फॉर्म, पावत्या आणि तो व्हॉट्सॲपचा मेसेज सोबत जोडा.

दाजींकडं यातलं काही नव्हतं, फक्त गाडीला हार घातलेला फोटो होता.