ऑर्डर फॉर्ममध्ये अनेक ओळींची यादी कशी घ्यावी

एप्रिल-मे महिन्यात खान्देशात ठिबकच्या सुट्या मालाला मागणी येते. बागायती कापसाची लागवड तोंडावर असते, त्यामागोमाग जून-जुलैत केळीचा मृगबाग. त्याआधी जुन्या नळ्या जोडायच्या असतात, गळके व्हॉल्व्ह बदलायचे असतात. अशा वेळी चोपडा, यावल, शिरपूरकडचा दुकानदार घाऊक विक्रेत्याला मोबाइलवर यादी पाठवतो, ती साधारण अशी:

१६ एमएम जॉइनर ५०
ग्रोमेट २००
बॉल व्हॉल्व्ह ६३ एमएम 4
एंड कॅप १६ चे दीडशे
२० चे पण शंभर

शनिवारी शिरपूरच्या गाडीला टाका

माणसाला ही यादी एका नजरेत कळते. तीच वेबवरच्या ऑर्डर फॉर्ममध्ये चिकटवली की प्रोग्राम गोंधळतो. असा फॉर्म बनवताना एक नियम मी कधीच सोडत नाही: ग्राहकाने लिहिलेला मजकूर जसाच्या तसा जपायचा, त्यातून तक्ता प्रोग्रामने सुचवायचा आणि होकार माणसाने द्यायचा. नग किती, हे प्रोग्रामने परस्पर ठरवू नये. पन्नासच्या जागी सोळा जॉइनर गेले, तर ऐन लागवडीत शेतकऱ्याचे पाणी अडते.

पायरी १: योग्य चौकट द्या

यादीसाठी टेक्स्टएरिया, म्हणजे अनेक ओळी लिहिता येणारी चौकट, वापरा. साध्या एकओळी इनपुटमध्ये अनेक ओळी चिकटवल्या की ओळींच्या सीमा पुसल्या जातात, आणि कुठला आकडा कुठल्या मालाचा हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. चौकट निदान आठ-दहा ओळींची उंच ठेवा आणि वर स्पष्ट लिहा: "एका ओळीत एकच माल".

एंटर या बटणाकडे वेगळे लक्ष द्या. टेक्स्टएरियात एंटर दाबले की नवी ओळ येते, पण एकओळी रकान्यात बहुधा फॉर्मच पाठवला जातो. तक्त्यात नग भरताना सवयीने एंटर दाबणारा माणूस अर्धीच ऑर्डर पाठवून बसतो. म्हणून तक्त्यातल्या रकान्यांत एंटरने खालच्या ओळीवर जावे अशी सोय करा. ऑर्डर मात्र बटण दाबल्यावरच जावी.

पायरी २: ओळींचे शेवट एकसारखे करा

टेक्स्टएरियातला मजकूर जावास्क्रिप्टने वाचला तर ओळीच्या शेवटी फक्त लाइन फीड हे नव्या ओळीचे न दिसणारे चिन्ह मिळते. तोच फॉर्म नेहमीच्या पद्धतीने सर्व्हरला गेला की तिथे कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड अशी दोन चिन्हे पोहोचतात. त्यामुळे ब्राउझरमध्ये ५०० अक्षरांच्या मर्यादेत बसलेली यादी सर्व्हर "मोठी आहे" म्हणून परत पाठवू शकतो. सर्व्हरवर आधी सगळे शेवट लाइन फीडमध्ये बदला, मगच लांबी मोजा आणि ओळी वेगळ्या करा. प्रत्येक ओळीच्या कडेची मोकळी जागा छाटा, रिकाम्या ओळी वगळा.

मर्यादा मात्र सढळ ठेवा. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या एकेका चिन्हाला ३ बाइट लागतात आणि काना, मात्रा, हलन्त ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. "क्षि" हे डोळ्यांना एक अक्षर दिसते, मोजणीत ती ४ चिन्हे होतात.

पायरी ३: आकडे आणि संख्यावाचक शब्द ओळखा

वरच्या यादीत "५०" देवनागरी आहे आणि व्हॉल्व्हचा चार इंग्रजी अंकात. एकाच माणसाच्या एकाच यादीत असे सर्रास येते. पायथॉनचे पूर्णांक फंक्शन देवनागरी अंक समजते, जावास्क्रिप्टचे नंबर समजत नाही. भाषा कुठलीही असो, ० ते ९ हे दहा अंक आधी एका साच्यात आणून घ्या.

मग शब्दांची एक छोटी कोष्टकवजा यादी करा: पाऊणशे म्हणजे ७५, सव्वाशे १२५, दीडशे १५०, अडीचशे २५०. "दीड डझन" म्हणजे १८. "दोन बंडल" असेल तर एकक वेगळ्या रकान्यात ठेवा, मीटरमध्ये रूपांतर करू नका. बंडल किती मीटरचे, हे मालागणिक बदलते.

पायरी ४: माप आणि नग वेगळे करा

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायचा. "१६ एमएम जॉइनर ५०" या ओळीत दोन आकडे आहेत. पहिला आकडा नग धरला तरी चुकते, आणि शेवटचा धरायचे ठरवले तर "५० जॉइनर १६ एमएम" लिहिणाऱ्याची ऑर्डर बिघडते. जागेवरून नग ठरवू नका, आकड्याच्या शेजारचा शब्द बघा. ज्या आकड्यानंतर एमएम, इंची, चा, ची किंवा चे आहे, ते माप. ते बाजूला काढल्यावर एकच आकडा उरला तर तो नग. दोन उरले किंवा एकही उरला नाही, तर नगाचा रकाना रिकामा ठेवा आणि ओळ पिवळी करा. तिथे अंदाजाने १ भरू नका. भरलेला रकाना कोणी तपासत नाही, रिकामा लगेच डोळ्यात भरतो.

"ग्रोमेट २००" मध्ये नग आहे, माप नाही. त्या मालाची यादीत असलेली मापे निवडीसाठी दाखवा. "२० चे पण शंभर" मध्ये मालाचे नावच नाही, ते वरच्या ओळीतून घ्यायचे: २० एमएम एंड कॅप, १०० नग. हे सुचवायला हरकत नाही, पण ही ओळसुद्धा पिवळीच ठेवा. अशा ओळींमुळेच यादीचा क्रम कधी बदलायचा नाही. नावाप्रमाणे ओळी लावल्या की "पण" चा आधार तुटतो.

शेवटची ओळ माल नाही, सूचना आहे. मालाच्या यादीशी जुळली नाही म्हणून ती फेकून द्याल तर गाडी चुकेल. जुळली नाही ती प्रत्येक ओळ "सूचना" म्हणून खाली दाखवा. हिशोब सरळ आहे: रिकाम्या वगळता जितक्या ओळी आल्या, तितक्या तक्त्यात आणि सूचनांत मिळून दिसल्याच पाहिजेत. इथे ६ आल्या. ५ मालाच्या, १ सूचनेची.

पायरी ५: तक्ता दाखवा, होकार घ्या

तक्त्यात प्रत्येक ओळीसमोर ग्राहकाने लिहिलेले मूळ शब्द, त्याशेजारी माल, माप, नग, एकक. पिवळ्या ओळी मिटल्याशिवाय "ऑर्डर पाठवा" चालू होऊ नये. एकच माल दोनदा आला तर बेरीज आपणहून करू नका, विचारा. कधी तो चुकून दोनदा लिहिलेला असतो, कधी दोन शेतकऱ्यांचा वेगवेगळा असतो.

पायरी ६: साठवा

ऑर्डरचा एक मुख्य नोंदतक्ता, त्याच्या ओळींचा दुसरा. मूळ मजकूर मुख्य नोंदीत, त्या दिवसाचा दर प्रत्येक ओळीत. दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे लिहिले जाते किंवा काहीच नाही) लिहा, म्हणजे नेट अर्ध्यात गेले तरी अर्धवट ऑर्डर उरणार नाही. बटण दोनदा दाबले जाते, म्हणून फॉर्मला एक वेगळा क्रमांक द्या आणि तोच परत आला तर नवी ऑर्डर करू नका. तपासणी सर्व्हरवर पुन्हा करा. सर्व्हरवर पीएचपी ही भाषा वापरत असाल तर एका फॉर्मचे १००० घटकच मूळ सेटिंगमध्ये घेतले जातात. ओळीला ५ रकाने धरले तर २०० ओळींनंतरचा माल गळतो.

पायरी ७: परत दाखवताना

साठवलेला मजकूर पानावर छापताना त्यातली एचटीएमएलची चिन्हे निष्प्रभ करा, आणि ओळी तशाच दिसाव्यात म्हणून सीएसएसमध्ये व्हाइट-स्पेसला प्री-लाइन द्या. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली) काढताना अनेक ओळींचा मजकूर दुहेरी अवतरणात ठेवा, नाहीतर एक सूचना एक्सेलमध्ये दोन ऑर्डरींसारखी दिसते.

पायरी ८: खऱ्या याद्यांवर तपासा

आपण बसून लिहिलेल्या नीटनेटक्या याद्यांवर फॉर्म पास होतोच. गेल्या हंगामात आलेल्या याद्या नावे-नंबर काढून घ्या आणि त्या चिकटवून बघा. त्या काळात गोदामात माल काढणाऱ्या माणसाला शेजारी बसवा. "१६ चे" म्हटले की दुकानदाराला कोणता माल हवा असतो, हे तो आपल्यापेक्षा लवकर सांगेल. त्याने सांगितलेला प्रत्येक नवा शब्द पायरी ३ आणि ४ च्या कोष्टकात घाला.