जुन्या एसयूव्हीचे हेडलाइट मंदावले? बॅटरी बदलण्याआधी या चुका टाळा

बारा-पंधरा वर्षे मुंबईत फिरलेल्या स्कॉर्पिओ, सफारी, सुमो किंवा क्वालिससारख्या गाडीचे हेडलाइट मंदावले की बहुतेक मालक पहिला खर्च बॅटरीवर करतात, दुसरा जास्त वॅटच्या बल्बवर आणि तिसरा अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्रावर. एवढे करूनही दिवे पुष्कळदा होते तसेच राहतात, कारण वीज पुरेशी तयार होत असते, पण ती बल्बपर्यंत पोहोचत नाही. समुद्राकडची खारी, दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे तांब्याच्या जोडांवर हिरवट थर चढतो. त्यातच गाडी कधी हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या तुंबलेल्या पाण्यातून गेली असेल, तर कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या प्लगमध्ये) शिरलेले पाणी पुढे महिनोन्‌महिने आपले काम करत राहते. हॅलोजन बल्ब या बाबतीत फार नाजूक असतो. त्याला मिळणारे व्होल्टेज 10 टक्क्यांनी घटले की प्रकाश सुमारे 30 टक्क्यांनी कमी होतो. म्हणून वाटेतली जेमतेम दीड व्होल्टची गळती (घट) गणपतीला गावी जाताना घाटाच्या वळणांवर चांगलीच जाणवते.

तपासणीची सुरुवात दिवे नेमके केव्हा मंदावतात हे पाहण्यापासून करावी. सिग्नलला गाडी उभी असताना मंद होऊन रेस देताच उजळत असतील, तर संशय फॅन बेल्ट, अल्टरनेटरचे ब्रश किंवा त्याचे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर यांच्यावर घ्यावा. कोणत्याही वेगाला सारखेच पिवळट दिसत असतील, तर दोष वायरिंगमध्ये असण्याची शक्यता अधिक. एकच बाजू मंद असेल, तर त्या बाजूचा कपलर आणि अर्थ (निगेटिव्ह वायर जिथे गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते तो जोड) पाहावा. आणि दिवे प्रखर असूनही रस्त्यावर उजेड पडत नसेल, तर आधी काच पाहावी. उन्हाने पिवळी पडलेली पॉलिकार्बोनेटची काच किंवा चमक गेलेला रिफ्लेक्टर यांचा वायरमनशी काही संबंध नाही.

यानंतर मल्टिमीटर हवा. लॅमिंग्टन रोडवर मिळणारा साधा मीटरही या कामाला पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ती पूर्ण चार्ज आहे, 12.2 आला तर निम्मी उतरली आहे असे समजावे. इंजिन चालू करून हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावर, किंचित रेसवर, बॅटरीच्या टर्मिनलांवर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले पाहिजेत. तेवढे दिसत असतील तर अल्टरनेटरला हात लावण्याचे कारण नाही. आकडा 15 च्या वर जात असेल, तर रेग्युलेटर बिघडलेला आहे आणि तुमचे बल्ब वारंवार का उडतात याचेही उत्तर तिथेच आहे.

खरी मेख पुढच्या पायरीत आहे. अनेक जण बल्ब काढतात, मोकळ्या होल्डरमध्ये मीटर लावतात, पूर्ण व्होल्टेज दिसते म्हणून वायरिंग ठीक असल्याचा निर्वाळा देतात आणि नेमके इथेच फसतात. करंट वाहत नसेल तर गंजलेल्या जोडावरही व्होल्टेज पडत नाही. एका तारेवर तगलेली वायरसुद्धा मीटरला निरोगी दिसते. म्हणून मोजणी बल्ब पेटलेला असतानाच, कपलरच्या मागच्या बाजूने पिना घालून करावी. बॅटरीवर 14 व्होल्ट आणि बल्बवर 11.5 असतील, तर अडीच व्होल्ट वाटेत कुठे गेले एवढेच शोधायचे उरते. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी बल्बच्या अर्थच्या पिनेवर ठेवल्यास अर्थच्या बाजूची गळती थेट वाचता येते, ती 0.2 व्होल्टपेक्षा जास्त नसावी. त्याच रीतीने बॅटरीचा पॉझिटिव्ह आणि बल्बची पॉझिटिव्ह पिन यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टपर्यंतची गळती चालून जाते. जपानी धाटणीच्या काही गाड्यांत स्विच निगेटिव्ह बाजूला असतो आणि बल्बची सामाईक पिन पॉझिटिव्ह असते, त्यामुळे कोणती पिन कशाची हे आधी पाहून घ्यावे.

अर्थची गळती सापडली तर बहुधा गुन्हेगार समोरच असतो: बॅटरीच्या ट्रेजवळ किंवा हेडलाइटमागच्या पत्र्याला बोल्टने आवळलेली गोल लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी. वरून ती घट्ट दिसते, पण बोल्ट काढल्यावर तिच्याखाली हिरवी-पांढरी भुकटी आणि गंजाचा तपकिरी गोल उमटलेला दिसतो. नुसता बोल्ट आवळून उपयोग नाही. लग आणि पत्रा दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासावेत, घट्ट बसवावेत आणि मगच वरून पेट्रोलियम जेली लावावी. इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थची पट्टीही याच वेळी पाहावी. ती तुटली असेल तर सेल्फ मारताना करंट दुसरी वाट शोधतो आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम होण्यासारखे चमत्कार घडतात.

गाडीतील बऱ्याच विचित्र खोडी याच घरातल्या असतात. हेडलाइट लावताच टेंपरेचरचा काटा वर सरकणे किंवा इंडिकेटरच्या तालावर डॅशबोर्डचे दिवे लुकलुकणे, हे सामाईक अर्थ सैल झाल्याचे लक्षण आहे. ब्रेक दाबल्यावर मागचा इंडिकेटर मिणमिणत असेल तर टेल लॅम्पचा अर्थ तपासावा. काटा चढला म्हणून थर्मोस्टॅट बदलणारे मेकॅनिक कमी नाहीत. इंडिकेटर एकाच बाजूला जलद उघडझाप करत असेल, तर मात्र फार खोलात जाऊ नये, त्या बाजूचा एखादा बल्ब गेलेला असतो.

गळती पॉझिटिव्ह बाजूला असेल तर फ्यूजबॉक्स, कॉम्बिनेशन स्विच (स्टीअरिंगजवळचा दिव्यांचा दांडा) आणि बल्बचा होल्डर हे तीन टप्पे पाहावेत. अनेक जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधूनच जातो आणि त्याचे पॉइंट हळूहळू जळतात. तिथे 60/55 वॅटच्या (अपर 60, डिपर 55) जागी 100/90 वॅटचे बल्ब बसवणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे: डिपरवर करंट दीडपटीहून जास्त होतो आणि खराब जोडावरची उष्णता अडीचपटीहून अधिक. होल्डरचे प्लॅस्टिक आधी तपकिरी पडते, मग ठिसूळ होते आणि शेवटी पिनेला चिकटून वितळते. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी बल्ब कोंबणे हाही उपाय नव्हे. दोष तसाच राहतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. सरळ मार्ग म्हणजे बॅटरीजवळ फ्यूज देऊन 2.5 चौरस मिलिमीटरच्या वायरने, रिलेमार्फत (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचमार्फत) बल्बला थेट पुरवठा देणे. मग जुन्या स्विचवर फक्त रिलेच्या कॉइलचा नगण्य भार राहतो.

अल्टरनेटर तपासण्याची एक जुनी गॅरेजी युक्ती अजून चालते: चालू इंजिनवर बॅटरीचा टर्मिनल काढून गाडी बंद पडते का ते पाहणे. कॉमन रेल इंजिनाच्या (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या डिझेल) गाडीत हे कोणालाही करू देऊ नये. बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेजची मोठी उसळी येते आणि इसीएम (इंजिनाचा संगणक), रेग्युलेटर किंवा डायोड निकामी होऊ शकतात. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या मागेच ब्रेकचा व्हॅक्यूम पंप असतो. त्याचे सील गळले की तेल आत उतरून ब्रश खराब होतात, आणि बेल्ट घसरू लागला तर चार्जिंगबरोबर ब्रेकही जड होतो. सील गळत असताना नुसते ब्रश बदलून घेणे व्यर्थ आहे.

सोसायटीच्या आवारात आठवडाभर उभी राहून बॅटरी उतरत असेल, तर तो वेगळा प्रश्न आहे. इग्निशन बंद, दारे लॉक करून अर्धा तास थांबावे आणि निगेटिव्हची केबल सोडवून ती आणि टर्मिनल यांच्यामध्ये (मालिकेत) अ‍ॅमीटर लावून पाहावा; 50 मिलिअ‍ॅम्पिअरच्या आत आकडा ठीक समजावा. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जावे. नंतर बसवलेले म्युझिक सिस्टिम, रिमोट लॉक आणि ट्रॅकर यांचे फ्यूज आधी काढावेत. सगळे फ्यूज काढूनही आकडा उतरला नाही, तर बॅटरीचा निगेटिव्ह सोडवून अल्टरनेटरची जाड वायर वेगळी करावी, तिचे टोक नीट गुंडाळावे आणि पुन्हा मोजावे. आता आकडा पडला तर अल्टरनेटरचे डायोड गेले आहेत.