प्रमुख धर्मगुरूपदाच्या पहिल्या वर्षासाठी तयारीची यादी

साहाय्यक धर्मगुरू म्हणून काही वर्षे काढल्यावर एखाद्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) प्रमुख धर्मगुरूपदावर नेमणूक झाल्याचे पत्र हाती येते, तेव्हा शिकण्याचे दिवस गोरेगावच्या किंवा पुण्याच्या सेमिनरीत संपले आणि आता फक्त काम करायचे आहे, असा तरुण फादरांचा समज होणे स्वाभाविक आहे. वसई धर्मप्रांतातील अशा नव्या प्रमुख धर्मगुरूंना डोळ्यांसमोर ठेवून ही यादी लिहिली आहे आणि तिचा आग्रह एकच आहे : पहिल्या वर्षाचे शिक्षण आपोआप होत नाही, ते दैनंदिनीत तारखा घालून आखावे लागते, आणि ते देणारे शिक्षक बहुतेक वेळा धर्मग्रामातच राहत असतात. गुरुदीक्षेनंतरही अध्ययन चालू ठेवण्याचे बंधन कॅनन 279 ने, म्हणजे चर्चच्या कायदेसंहितेच्या त्या कलमाने, घातले आहे, आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1992 मध्ये धर्मगुरूंच्या घडणीविषयी दिलेल्या पत्रात ती घडण मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक व पाळकीय अशा चारही अंगांनी आयुष्यभर चालावी असे सांगितले आहे. तथापि धर्मप्रांताने भरवलेल्या दोन-तीन दिवसांच्या शिबिराला हजेरी लावल्याने हे बंधन पाळले गेले असे मला वाटत नाही.

पदभार स्वीकारण्यापूर्वी मावळत्या प्रमुख धर्मगुरूंसोबत निदान दोन बैठका ठरवाव्यात, एक कागदपत्रांसाठी आणि दुसरी माणसांविषयी बोलण्यासाठी. पहिल्या बैठकीत किल्ल्या, बँकेतील सह्यांचे अधिकार, विम्याच्या मुदती, चालू असलेले दावे आणि नोकरीवर असलेल्या माणसांचे पगार व भविष्यनिर्वाह निधी यांची माहिती लिहून घ्यावी. दुसऱ्या बैठकीत कोणत्या घरी माणूस दीर्घकाळ अंथरुणाला खिळून आहे, कोणत्या घरात अलीकडे अपघाती मृत्यू झाला, कोणाला ख्रिस्तप्रसाद घरी न्यावा लागतो हे ऐकून घ्यावे. मात्र अमका मनुष्य त्रासदायक आहे, अशा प्रकारचे शेरे टिपून ठेवू नयेत, कारण त्या मनुष्याला नव्या फादरांकडून नव्याने ओळखले जाण्याचा हक्क आहे. पदग्रहणाच्या वेळी श्रद्धेची जाहीर कबुली द्यावी लागते. त्याशिवाय मालमत्तेचा कारभार हाती घेण्याआधी तो नीट चालवण्याची शपथ घेऊन स्थावर मालमत्तेची, मौल्यवान वस्तूंची आणि सांस्कृतिक मोलाच्या वस्तूंची यादी सहीनिशी पूर्ण करावी, असे कॅनन 1283 सांगतो. या यादीची एक प्रत धर्मग्रामात व दुसरी बिशप हाऊसमध्ये (बिशपांच्या कार्यालयात) राहते. जुनी यादी नुसती वाचून खाली सही करू नये. प्रत्येक कपाट उघडून, मूर्तींचे दागिने, चांदीची पात्रे, जुनी वस्त्रे आणि जुन्या नोंदवह्या प्रत्यक्ष पाहून, शक्य तेथे छायाचित्र काढून मगच सही करावी.

नोंदवह्यांवर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण सेमिनरीत त्यांच्याविषयी जेवढे शिकवले जाते त्यापेक्षा कितीतरी अधिक त्या स्वतः शिकवतात. कॅनन 535 प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्या असल्याच पाहिजेत, आणि त्या नीट लिहिल्या जातात की नाही हे पाहण्याची जबाबदारी प्रमुख धर्मगुरूंची आहे. लिहिण्याचे काम कार्यालयातील मदतनिसाकडे सोपवता येते, जबाबदारी सोपवता येत नाही. बाप्तिस्म्याची नोंद ही त्या व्यक्तीची आयुष्यभराची नोंद असते, म्हणून तिच्या समासात दृढीकरण, विवाह, गुरुदीक्षा, संन्यस्त व्रते आणि दत्तकविधान यांचे टिपण यावे लागते. मुलीचा बाप्तिस्मा एका धर्मग्रामात आणि विवाह दुसऱ्या धर्मग्रामात झाला, तर विवाह लावून देणाऱ्या धर्मग्रामाने बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामाला कळवायचे असते. मी पहिल्यांदा प्रमुख धर्मगुरू झालो त्या वर्षी अशी एक सूचना पाठवायची माझ्याकडून राहून गेली. बऱ्याच वर्षांनी त्या बाईंनी परदेशी जाण्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला काढला तेव्हा त्यावर विवाहाचा उल्लेख नव्हता, आणि ऐन घाईच्या दिवसांत त्यांना दोन कार्यालयांच्या फेऱ्या माराव्या लागल्या. तेव्हापासून प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी पाठवलेल्या व आलेल्या सूचना पडताळतो. हा दिवस आपणही दैनंदिनीत आताच घालावा. आडनावाच्या स्पेलिंगवरून किंवा जन्मतारखेवरून दुरुस्तीची मागणी आली तर खाडाखोड कधीही करू नये. पुराव्याचे कागद जोडून बिशप हाऊसच्या परवानगीने समासात दुरुस्ती लिहावी. पहिल्या तीन महिन्यांत रोज अर्धा तास जुन्या वह्या वाचल्यास कोणते कुटुंब कोणत्या आळीतले, कोणत्या दशकात साथ आली, कोणत्या काळात तरुण गाव सोडून गेले हे सारे कळते, आणि पुढे घरोघरी जाताना त्याचा उपयोग होतो.

विवाहाच्या कागदपत्रांची तयारी ही नव्या प्रमुख धर्मगुरूंची सर्वांत मोठी परीक्षा आहे. वधूवरांचे नव्याने काढलेले बाप्तिस्म्याचे दाखले का मागायचे, तर समासातील नोंदीवरून आधीचा विवाह आहे की नाही हे कळावे म्हणून. हे कारण कार्यालयातील प्रत्येक माणसाला समजावून सांगावे, म्हणजे लोकांना तो निव्वळ त्रास वाटत नाही. आपल्या भागात कॅथलिक मुलगी आणि हिंदू मुलगा, किंवा उलट, असे विवाह नित्याचे झाले आहेत. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी होणाऱ्या विवाहाला बिशपांची सूट मिळालेली नसेल तर चर्चच्या दृष्टीने तो विवाह वैध ठरत नाही. बाप्तिस्मा झालेल्या अन्य पंथीयाशी विवाह असेल तर बिशपांची परवानगी लागते, आणि या दोहोंतला फरक अर्ज लिहिण्याआधी स्वतः पक्का समजून घ्यावा. कॅथलिक पक्षाने आपली श्रद्धा जपण्याचे व मुलांचा बाप्तिस्मा करण्यासाठी आपल्या परीने प्रयत्न करण्याचे वचन द्यायचे असते, आणि त्या वचनाची कल्पना दुसऱ्या पक्षाला आधीच द्यायची असते. ही भेट कार्यालयाच्या टेबलापलीकडून न घेता दोन्हीकडच्या आईवडिलांना आदराने बसवून, त्यांच्या बोलीत, घाई न करता घ्यावी. नागरी बाजूने 1872 चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा लागू होतो. त्याच्या कलम 30 प्रमाणे कॅथलिक धर्मगुरूंनी लावलेल्या विवाहांची विवरणे दर तीन महिन्यांनी निबंधकांकडे पाठवायची असतात. या चार तारखाही आताच लिहून ठेवाव्यात.

पैशांच्या बाबतीत आपल्याला हिशेब येत नाही हे मान्य करून शिकवणारा शोधणे हाच उत्तम मार्ग आहे. धर्मग्रामात एखादे सेवानिवृत्त बँक अधिकारी किंवा लेखापाल असतातच. त्यांना विनंती करून मागील तीन वर्षांचे ताळेबंद त्यांच्याजवळ बसून ओळीओळीने समजून घ्यावेत. अर्थसमिती ही कॅनन 537 प्रमाणे सक्तीची आहे, तेव्हा ती केवळ कागदावर असेल तर पहिल्याच महिन्यात तिची बैठक बोलवावी. दानपेटी निदान दोन प्रापंचिकांच्या हातून मोजली जावी, रक्कम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बँकेत जावी आणि वर्षातून एकदा जमाखर्च लोकांसमोर मांडावा. श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना द्यावा असे कॅनन 1287 म्हणतोच. मिस्सांसाठी (ख्रिस्तयागांसाठी) आलेल्या दक्षिणांची वेगळी वही ठेवणे आवश्यक आहे, आणि एका वर्षात स्वतः अर्पण करता येतील त्यापेक्षा अधिक मिस्सा स्वीकारता येत नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, 1950 च्या कलम 36 मुळे विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता विकण्यास, तसेच शेतजमीन दहा वर्षांहून अधिक किंवा बिगरशेती जमीन व इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने देण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. वसईत जमिनीचे भाव पाहता असे प्रस्ताव घेऊन लोक लवकरच येतील, तेव्हा कोणत्याही कागदावर भिडेखातर सही करू नये. आखातात किंवा कॅनडात असलेले गावकरी चर्चच्या दुरुस्तीसाठी रक्कम देऊ करतात, तेव्हा देणारा भारतीय नागरिक आहे की परदेशी नागरिकत्व घेतलेला आहे हे आधी विचारावे. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही. परदेशी पारपत्रधारकाची, मग तो ओसीआय कार्डधारक (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड बाळगणारा) असला तरी, ठरते, आणि ती 2010 च्या परकीय देणगी कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय घेता येत नाही.

घरभेटींसाठी वेगळे वेळापत्रक करावे आणि ते लोकांच्या कामाच्या हंगामावर बेतावे. कॅनन 529 ने प्रमुख धर्मगुरूंना कुटुंबांना भेटण्यास, त्यांच्या काळज्या व विशेषतः त्यांचे दुःख वाटून घेण्यास सांगितले आहे. परंतु केव्हा जावे हे गाव शिकवते. कोळीवाड्यात 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात पुरुष घरी असतात, म्हणून ते दोन महिने तेथे द्यावेत. भाजी व फुले घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईला जाणाऱ्या घरांत सकाळी कोणी भेटत नाही, तेथे संध्याकाळ योग्य. डहाणू-तलासरीच्या बाजूला नेमणूक असेल तर अनेक आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडावर परततात, म्हणून धर्मशिक्षण, पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी आणि घरभेटी हे सारे पावसाळ्यात बसवावे लागते. नालासोपारा-विरारच्या इमारतींमध्ये राहणारे गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे कॅथलिक रविवारी शेवटच्या बाकावर येऊन निघून जातात. त्यांच्या इमारतींची यादी करून महिन्यातून एक शनिवार त्यांच्यासाठी राखून ठेवावा. सामवेदी किंवा वाडवळी बोलीचा सराव नसेल तर एखाद्या आजीकडे आठवड्यातून एकदा बसून ती शिकावी. मृत्युशय्येवरचे पापनिवेदन माणूस आपल्या आईच्या बोलीत करतो, आणि ते ऐकणाऱ्याला तेव्हा अर्थ विचारत बसता येत नाही.

पाळकीय मंडळ सल्ला देणारे आहे, निर्णयाचा अंतिम अधिकार प्रमुख धर्मगुरूंचा आहे, हे खरे. म्हणूनच पहिल्या सहा महिन्यांत मिस्सांच्या वेळा, सणाची मिरवणूक किंवा गायनमंडळ यांत बदल करू नयेत आणि बैठकीत स्वतः कमी बोलावे. साहाय्यक फादरांसोबत आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी जेवण व कामाची वाटणी, दोन्ही व्हावे.

मुलांच्या सुरक्षिततेविषयीची तयारी पहिल्या आठवड्यातच पूर्ण करावी, ती शिबिराची वाट पाहत थांबवू नये. 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजल्यावर ते विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा कलम 21 खाली गुन्हा आहे; आधी आपण चौकशी करून पाहू, घरच्यांशी बोलून पाहू, असा विचार येथे चालत नाही. आरोप धर्मगुरूंवर असेल तर 2019 पासून लागू झालेल्या पोपमहोदयांच्या नियमांनुसार चर्चच्या अधिकाऱ्यांनाही कळवायचे असते. पापनिवेदनाची गुप्तता अभंग आहे, म्हणून पापनिवेदनात काही उघड झाले आणि बोलणारे मूल स्वतः पीडित असेल, तर विश्वासातील मोठ्या माणसाला ते बाहेर सांगण्याचा धीर त्याला कसा द्यावा, हे जाणत्या धर्मगुरूंकडून आधीच शिकून घ्यावे. वेदीसेवकांची बैठक नेहमी दोन प्रौढांच्या उपस्थितीत आणि उघड्या जागी घ्यावी, कार्यालयाच्या दाराला काच बसवून घ्यावी, आणि धर्मशिक्षण देणाऱ्या सर्व शिक्षकांना हे नियम मराठीत लिहून द्यावेत.

दर रविवारी एक मिस्सा धर्मग्रामातील सर्व लोकांसाठी अर्पण करण्याचे बंधन प्रमुख धर्मगुरू झाल्या दिवसापासून लागू होते. त्या मिस्सेसाठी दक्षिणा घेता येत नाही, म्हणून तिची वेळ पत्रकात ठळक दाखवावी. रविवारच्या वाचनांचा अभ्यास सोमवारीच सुरू करावा. जवळच्या दोन-तीन धर्मग्रामांतील फादरांनी मंगळवारी सकाळी एकत्र बसून वाचने चर्चिली तर प्रवचन शनिवारी रात्री उभे करण्याची वेळ येत नाही.

आता स्वतःच्या शिक्षणाचे वर्षपत्रक. महिन्यातून एक सकाळ डीन फादरांसोबत, म्हणजे आसपासच्या धर्मग्रामांच्या गटावर देखरेख ठेवणाऱ्या फादरांसोबत, ठरवावी. नोंदवह्या व मालमत्तेची देखरेख आणि धर्मगुरूंचे अध्ययन या दोन्ही गोष्टी कॅनन 555 ने डीनांकडे सोपवल्या आहेत, तेव्हा त्यांच्याकडे जाणे म्हणजे त्यांना त्रास देणे नव्हे. त्याच वर्षी प्रमुख धर्मगुरू झालेल्या तीन-चार जणांचा एक गट करून प्रत्येकाने महिन्यातून एक अडलेली बाब, नावे वगळून, मांडावी. या गटात जे शिकायला मिळते ते व्याख्यानात मिळत नाही, कारण तेथे चूक कबूल करायला संकोच होत नाही. दारूच्या व्यसनाने मोडलेली घरे, वैवाहिक कलह आणि नैराश्य या तीन विषयांत जाणत्या समुपदेशकांकडून प्रत्येकी एक दिवस शिकावे आणि आपल्या आवाक्याबाहेरचे काय हे ओळखून लोकांना कोठे पाठवायचे त्या पत्त्यांची वही तयार ठेवावी. आत्मिक मार्गदर्शक आणि स्वतःचे पापनिवेदन ऐकणारे फादर यांची निवड पहिल्या महिन्यातच करावी. वार्षिक एकांतसाधनेचे दिवस वर्षाच्या आरंभी कळवून टाकावेत, नाहीतर नोव्हेना, पहिला ख्रिस्तप्रसाद आणि सण यांच्या गर्दीत ते बाजूला पडतात. कॅनन 533 प्रमाणे वर्षातून एक महिना सुट्टी घेता येते व एकांतसाधनेचे दिवस त्यात मोजले जात नाहीत. आठवड्याहून अधिक काळ बाहेर राहायचे असेल तर बिशप हाऊसला कळवावे. त्या काळात आजाऱ्याला ख्रिस्तप्रसाद द्यायला व दफनविधीला कोण येणार, त्या फादरांचे नाव व दूरध्वनी क्रमांक कार्यालयाच्या दारावर आणि सिस्टरांकडे लिहून देऊन मगच निघावे.